पागोळीखालचा गहू

माझ्या हट्टाची गोष्ट आमच्या भावकीत अजून सांगतात, आणि सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्यांच्या गोष्टीत मी मंत्र घातलेलं ताक शेतात शिंपडते आणि चारचौघांत सासऱ्यांना उलट उत्तर देते. मंत्र साफ खोटा. ताक खरं, आणि उलट उत्तरही खरं. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून वाकडीतिकडी ऐकण्यापेक्षा आपणच सरळ सांगितलेली बरी, म्हणून लिहायला बसले आहे. मराठी चौथी पास आहे, तेवढ्यावर भागतं.

तेव्हा चाकणला कारखाना औषधालाही नव्हता. कांद्याचा बाजार आणि बैलगाड्या, एवढंच चाकण. पिंपरीकडे कुठे कुठे कारखान्यांच्या भिंती उठू लागल्याचं ऐकू यायचं. आमचं गाव चाकणपासून कोसभर. घरात सासरे, सासूबाई, थोरले दीर, जाऊ आणि मी. माझा नवरा देहूरोडला मिलिटरीच्या डेपोत कामाला होता. शनिवारी संध्याकाळी सायकलवर यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. सासऱ्यांनी जमिनीची वाटणी केली नव्हती, पण कसायला म्हणून दोघा भावांना वेगळी रानं लावून दिली होती. आमच्याकडे ओढ्याकाठचं पाऊण एकर आलं. ते तीन वर्षं मीच केलं. त्यात पेरायच्या पाभरीचे किती तास, म्हणजे किती ओळी, बसतात हे नवऱ्याला विचारलं असतं तर तो माझ्याच तोंडाकडे बघत राहिला असता.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी नवरा सांगत आला की संक्रांतीनंतर डेपोत क्वार्टर मिळायचं आहे. घरात सगळ्यांना आनंद झाला. दिरांना जरा जास्तच झाला, कारण ओढ्याकाठचं रान त्यांच्या रानाला लागूनच होतं आणि मी गेले की ते त्यांच्याकडेच येणार होतं. मी ते क्वार्टर एकदा बघून आले होते. एक खोली, नळ बाहेर, नळावर बायकांची रांग, आणि दिवसभर दार लावून नवऱ्याची वाट बघायची. रानात मला सकाळपासून काम होतं आणि त्या कामाचं काहीतरी उगवून यायचं. मी जाणार नाही म्हणाले. रान सोडणार नाही म्हणाले. आमच्या घरात सुनेनं असं बोलण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे आधी कोणाला ते नीट ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा गेलं.

सासरे तापट नव्हते. त्यांनी ओट्यावर भावकीतली दोन वडीलधारी माणसं बसली असताना निवाडा केला. म्हणाले, "ही रब्बी तुझी. पीक आलं तर रान तुझ्याकडं ऱ्हाईल. बिघाडलं तर थोरल्याकडं, आन् तू गुमान देहूरोडला." त्यांना वाटलं असणार की प्रकरण मिटलं. त्या रानाची कीर्ती त्यांना माहीत होती. ज्वारी तिथे बरी यायची, पण गहू गुडघ्याला लागायचा नाही आणि ओंबीत चार दाणे.

मी गहू पेरायचं ठरवलं. जाऊबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अगं ज्वारी पेर आणि सुटून जा. त्यांचा जीव होता माझ्यावर. पण ज्वारी आली असती तर ती दिरांच्या बैलांची करामत म्हटली असती, किंवा पावसाची, किंवा देवाची. माझी कोणी म्हटली नसती. गहू आला असता तर मात्र तो माझाच म्हणावा लागला असता.

तिथे गहू पिकवायची माझ्याकडे एक युक्ती होती आणि ती चावडीत पडून होती. तालुक्याहून आमच्या गावाला नवा ग्रामसेवक यायचा, सायकलवर, कानापर्यंत टोपी ओढलेला. त्यानं सुपर फॉस्फेटची पोती आणून चावडीत ठेवली होती. राखाडी भुकटी, वास आंबूस. पेरणीनंतर पाणी न मिळणाऱ्या काळ्या रानात गव्हाची मुळं खोल जायला आणि ओंबी भरायला हीच लागते, असं तो ज्याला त्याला सांगायचा. कोणी पोत्याला हात लावला नाही. त्याआधी चाकणच्या बाजारात हाडांचा भुगा खत म्हणून आला होता, आणि गावानं दोन्ही एकच धरलं. आमच्या गावात निम्म्या गळ्यांत तुळशीची माळ. मेल्या गुरांची हाडं रानात कालवायची आणि त्या रानातल्या गव्हाचा नैवेद्य दाखवायचा, हे कोणाला पटेना. हे दगड दळून केलेलं आहे असं सांगून सांगून ग्रामसेवकाचा घसा बसला. शहरातला माणूस दगडाचं पीठ खत म्हणून विकतो, हे तर त्याहून कोणाला पटेना.

मी चावडीत गेले आणि दोन पोती मागितली. त्यानं एकच पुरेल असं सांगितलं. मी दोन्ही घेतली. नाहीतरी कोणी नेत नव्हतं, आणि दुप्पट घातलं तर दुप्पट येईल असा माझा हिशेब. तो हिशेब चुकीचा होता आणि त्याची फळं मी भोगली. चूक माझी होती, ग्रामसेवकाची नव्हती, हेही इथेच लिहून ठेवते.

पोती दारात आली तेव्हा सासूबाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "ह्या हाडाचा गहू माझ्या चुलीवर शिजायचा न्हाई." मी म्हटलं, आधी येऊ तर द्या. पोती गोठ्यातही ठेवू दिली नाहीत. ती मी रानातल्या कांद्याच्या चाळीत नेऊन ठेवली.

ग्रामसेवक म्हणाला होता की भुकटी मुठीनं फेकायची आणि वरून कुळव फिरवायचा. मला ते पटलं नाही. आमच्या काळ्या रानाची वरची चार बोटं माती दिवाळी सरता सरता वाळून जाते. ओल असते ती खाली. मुळं ओलीमागे खाली जातात, मग वर पसरलेल्या भुकटीला कोण विचारतो? पाण्याखालच्या रानात चालत असेल तसं, पाटाचं पाणी तिला खाली नेत असेल. आमच्या गव्हाला पेरल्यापासून कापेपर्यंत पाण्याचा थेंब मिळायचा नव्हता. भुकटी बियाच्या खाली, ओलीतच गेली पाहिजे होती. मी ठरवलं की रान दोनदा पेरायचं. आधी पाभरीच्या चाड्यातून, म्हणजे बी सोडायच्या वाटीतून, नुसती भुकटी सोडायची, पाभर दाबून खोल चालवायची. मग त्याच तासावरून पुन्हा पाभर आणायची, उथळ, आणि गहू सोडायचा.

दिरांनी बैल द्यायला नकार दिला. हाडाच्या पेरणीला आमचे बैल लागणार नाहीत म्हणाले. मग मी चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाड्या भरणाऱ्या एका मुसलमान म्हाताऱ्याकडे गेले. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याची स्वतःची बैलजोडी होती आणि गावाच्या बोलण्याची त्याला फिकीर नव्हती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि रान दोनदा का पेरायचं तेवढंच विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "अकलेचं हाय," आणि दुसऱ्या दिवशी बैल घेऊन आला.

तो पाभर दाबायचा, मी मागून चाड्यात भुकटी सोडायची. पेरणीत चाड्यावर बाईच असते, ती आमच्याकडची रीतच आहे, त्यामुळे त्यात कोणाला बोलायला जागा नव्हती. बोलायला जागा होती ती रिकाम्या पेरणीला. बांधावरून लोक जाताना थांबायचे आणि विचारायचे की राख पेरून काय उगवणार आहे. भुकटीनं माझ्या बोटांची सालं निघाली. दुपारी भाकरी खाताना मिठाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. लोकांना वाटलं मी रडते. रडत नव्हते, हात जळत होते.

गहू उगवला तो असा की मीच दोन दिवस त्याच्याकडे बघत राहिले. दिरांच्या रानातल्या गव्हापेक्षा काळपट हिरवा, बुडाला जाड, आणि फुटवे लवकर. मी बांधावरून मिरवत चालायचे. आता लाज वाटते त्या मिरवण्याची, कारण महिना उलटला आणि गहू बिघडला. आधी मधल्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंनी फिकट पट्टे आले, मग ते पांढुरके झाले, आणि वाढ जिथल्या तिथे थांबली. दिरांचा गहू बिचारा बारीक होता, पण हिरवा होता. माझा जाडजूड आणि आजारी.

गावात एका दिवसात झालं की हाडानं रान जाळलं. दीर सासऱ्यांना घेऊन आले. सासऱ्यांनी चार पानं तोडून बघितली आणि हातातच ठेवली. दिरांचं म्हणणं होतं की आताच गुरं घालावी, निदान चारा तरी होईल, आणि रान त्यांनी उन्हाळ्यात नांगरून घ्यावं. मी म्हणाले की रब्बी माझी आहे आणि रब्बी अजून संपलेली नाही. सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि संक्रांतीची मुदत दिली. संक्रांतीला असंच दिसलं तर गुरं आत घालायची. म्हणजे माझ्या हातात सहा-सात आठवडे होते आणि काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

मी रोज रानात जाऊन बसायचे. नुसतं बघायचं, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. चार दिवसांनी डोळ्यांत आलं की सगळा गहू आजारी नाही. चाळीच्या कडेला तीन-चार तासांचा एक पट्टा हिरवागार उभा होता. तिथेही मी तीच भुकटी तितकीच सोडली होती. पहिल्यांदा वाटलं सावलीनं असेल. मग वाटलं चाळीतले सडके कांदे आम्ही तिथेच फेकतो, त्यांचं खत असेल. पण ती आमची चाळ दोन तुकड्यांची होती. अर्धी जुनी, उसाच्या पाचटानं शाकारलेली. अर्धी नवी, तिच्यावर नवऱ्यानं डेपोच्या लिलावातून आणलेले जस्ती पत्रे. सावली दोन्हींची सारखी आणि कांदे दोन्हींकडे सडलेले. हिरवा पट्टा मात्र फक्त पत्र्याच्या तुकड्याखाली होता, अगदी पागोळ्या पडतात त्या रेघेत. पाचट संपलं तिथे हिरवा रंग सुरू होत होता. मी तिथे पुन्हा पुन्हा पावलं टाकून बघितली. दोन पावसाळे पत्र्यावरून गळलेलं पाणी त्या मातीत मुरलं होतं. पत्र्यात काहीतरी होतं जे माझ्या गव्हाला हवं होतं.

ग्रामसेवकाला आणून दाखवलं. तो भला माणूस, पण त्याच्या पुस्तकात पत्र्याचं काही नव्हतं. तो हसला आणि म्हणाला की वहिनी, सगळ्या रानावर पत्रे घालणार का? मला राग आला. पण प्रश्न बरोबर होता. पत्र्यातलं ते जे काही होतं, ते बाहेर काढून रानात न्यायचं कसं?

त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं, चुलीपाशी होतं, आणि ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईला माहीत होतं. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. आंबट धातूला खातं. नवी सून असताना मी एकदा ताक जस्ती बादलीत ठेवलं होतं. संध्याकाळी ते तुरट कडवट झालं आणि सासूबाईंनी मला बोल लावत ते उकिरड्यावर ओतलं. बादली आतून जिथे जिथे ताक लागलं तिथे तिथे काळवंडली होती. म्हणजे बादलीतलं काहीतरी ताकात उतरलं होतं. तेव्हा मी बोलणी खाल्ली होती, आता मला तेच हवं होतं.

पण पाऊण एकराला पुरेल एवढं ताक आणायचं कुठून? आमच्या म्हशीचं ताक सासूबाईंच्या हातात. त्यांनी मला भाकरीपुरतं दिलं असतं, रानापुरतं नाही. मग मी मडकं घेतलं आणि गावात निघाले. आमच्याकडे ताक विकत नाहीत, आणि मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. ज्यांनी मला हाडवाली म्हणून नाव ठेवलं होतं त्यांच्या दारात मी पदर सावरून उभी राहिले आणि ताक मागितलं. एकेकीचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पण रीत मोडून नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. सगळ्या गावाच्या ताकानं माझं रान उभं राहिलं, आणि यातली अर्धी घरं ते पडायची वाट बघत होती. ही गोष्ट आठवली की मला अजून हसू येतं.

चाळीत दोन जस्ती बादल्या आणि पत्र्याचे कातरलेले तुकडे. त्यात ताक ओतून चार-पाच दिवस आंबत ठेवायचं. वास असा की चाचासुद्धा लांबून बोलायचा. पहिल्या खेपेला मी ते तसंच, पाणी न घालता, कडुलिंबाच्या डहाळीनं शिंपडलं. दुसऱ्या दिवशी तीन तासांतल्या पानांची टोकं करपली. मी बांधावर बसून स्वतःला शिव्या दिल्या. मग एका तांब्याला हंडाभर पाणी घालून बघितलं. चार दिवस थांबले. करपलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी ओढ्यातून डोक्यावर हंडे आणायचे, त्यात ताक मिसळायचं आणि तास धरून शिंपडत जायचं. एक फेर पुरा व्हायला आठ दिवस लागायचे, आणि मग पुन्हा पहिल्या तासापासून.

गावानं याचा एकच अर्थ काढला. बाई सकाळच्या पारी, केस बांधून, लिंबाच्या डहाळीनं रानात काहीतरी शिंपडते, म्हणजे उतारा आहे. कोणी म्हणालं चाचानं मंत्र दिला. कोणी म्हणालं दिरांच्या रानावर करणी चालली आहे. दिरांनी दोन दिवस बांधावर लिंबू-मिरच्या टांगल्या. सगळ्यात कहर म्हणजे एक शेजारीण बाटली घेऊन आली, तिच्या वासरानं दूध सोडलं होतं, तर माझं मंतरलेलं पाणी थोडं हवं होतं. मी तिला हात जोडून सांगितलं की बाई, हे पाजू नको, वासरू मरेल आणि मला तुरुंगात घालतील. ती रुसून गेली. मी मंत्र द्यायला कंजूस आहे असं तिनं गावभर केलं.

पुष्कळ वर्षांनी पुण्याच्या शेतकी कॉलेजातले एक साहेब आमच्या भागात आले होते, त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले की तो भुकटीचा अतिरेक होता, ती जास्त झाली की पिकाला मातीतलं जस्त घेता येत नाही, आणि कोरड्या रानात तर आणखीच नाही. हे आता सगळ्यांना माहीत आहे म्हणाले. मी म्हटलं, तेव्हा मला सांगायला कोणी आलं नव्हतं. त्यांनी नमस्कार केला. मी शोध लावला असं मी म्हणत नाही. मी बघितलं, एवढंच म्हणते, आणि बघितलेलं सोडून दिलं नाही.

संक्रांतीच्या पाच-सहा दिवस आधी माझं ताक संपलं. एका कोपऱ्यातले सहा तास शिंपडायचे राहून गेले. तेवढं एक मला लागलं होतं. बाकीच्या रानात नवीन पानं हिरवी निघाली होती, ताटं वर चढली होती आणि ओंबी पानाच्या पोटरीतून बाहेर पडत होती.

संक्रांतीच्या सकाळी सासरे आले. बरोबर दीर, आणि ओट्यावर निवाड्याच्या वेळी बसलेली तीच दोन माणसं. मी डोक्यावर पदर घेऊन चाळीपाशी उभी राहिले. सासरे रानात उतरले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. शिंपडायच्या राहिलेल्या कोपऱ्यात थांबले. तिथला गहू अजून पिवळा आणि मांडीखाली होता. त्याला लागूनचा कमरेला आला होता. सासऱ्यांनी दोन्हीकडची एकेक काडी उपटून शेजारी धरली. तो कोपरा राहून गेला म्हणून मी हळहळत होते, पण त्याच कोपऱ्यानं माझी साक्ष दिली. परत येऊन ते म्हणाले, "पीक हाय."

मला वाटलं संपलं. मला वाटलं आता कोणी काही बोलणार नाही. पण माणसं वाटतं तेवढी सरळ नसतात. दीर पुढे झाले आणि सासऱ्यांना म्हणाले, "काय करायचं ते आता कळलंच हाय. फुडल्या साली म्या करतो की. तिनं येकदा दाखवून द्यावं." बरोबरची माणसं हो हो म्हणाली. सासऱ्यांनीही मान हलवली. म्हणाले, "व्हय, तसंच बरं. तिकडं क्वार्टर बी आलंय. तुझं काम झालं, पोरी."

ते प्रेमानं म्हणाले, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या प्रेमाचाच मला जास्त राग आला. बिघडलं असतं तरी रान जाणार होतं, आणि आलं तरी जाणार होतं. हरले तर क्वार्टर आणि जिंकले तरी क्वार्टर. पदर सरकला तो मी पुन्हा ओढला नाही.

म्हटलं, "मामंजी, पीक बिघाडलं तर रान द्यायचं, असं ठरलं हुतं. बिघाडलंय का?"

ते म्हणाले, "न्हाई."

"मग कशापायी देऊ?"

बरोबरच्या एकानं समजावणीच्या सुरात सांगितलं की बाईमाणसानं एकटीनं रान करायचं म्हणजे अवघड असतं. मी म्हटलं, "एकटीनंच केलंय." दिरांनी विचारलं की मग ताकाचं तरी सांगशील का. म्हटलं, "सगळं सांगते भावजी. किती दिस आंबवायचं, किती पाणी घालायचं, सगळं. तुमच्या रानासाठी सांगते. हे रान म्या करनार."

सासरे बांधावर बसले. त्यांनी चंची काढली, तंबाखू मळली, तोंडात टाकली. मला वाटतं त्यांना माझा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःच्या शब्दाचा. चारचौघांत दिलेला शब्द होता आणि तीच माणसं समोर होती. शेवटी ते उठले आणि दिरांना म्हणाले, "चल घरी." माझ्याकडे बघितलं नाही. पण पुढच्या पेरणीला त्यांनी न मागता बैल पाठवले, आणि ते बैल दिरांचे होते.

सासूबाईंनी मात्र शब्द पाळला. त्या रानाचा गहू त्यांच्या चुलीवर कधी शिजला नाही. मी अंगणात तीन दगड मांडले आणि माझ्या पोळ्या तिथे केल्या. जाऊबाई येऊन खायच्या, दीर यायचे, नंतर सासरेही यायला लागले. सासूबाई मरेपर्यंत ज्वारीची भाकरी खाऊन राहिल्या. मी कधी आग्रह केला नाही. त्यांच्या माळेशी माझं भांडण नव्हतं, आणि हट्ट काय तो आमच्या घरात मी एकटीच करत नव्हते.

नवऱ्याला निवाडा माहीत होता, पण संक्रांतीला काय झालं ते सांगायचं राहिलं होतं. संक्रांतीनंतरच्या शनिवारी तो आला तो क्वार्टरचा कागद खिशात घेऊन. आनंदात होता. भांडी कोणती न्यायची, म्हैस इथेच ठेवायची, असं काय काय बोलत होता. मी त्याला रानात घेऊन गेले. तो तास धरून चालला, ओंब्यांना हात लावत. त्याला गव्हातलं काही कळत नव्हतं, पण माझ्यातलं थोडं कळत होतं. बांधावर परत येऊन त्यानं विचारलं, "मग ह्या कागदाचं काय करू?"

म्हटलं, "ऱ्हावा की तिथं. सुट्टीला येत जावा."

तो त्या क्वार्टरात अकरा वर्षं एकटा राहिला. स्टोव्हवर भात शिजवायचा आणि शनिवारी सायकलवर यायचा. गावानं मला टाकलेली म्हटलं, काहींनी त्याला टाकलेला म्हटलं. मी एक रात्रही तिकडे राहायला गेले नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. पावसाळ्यात तो भिजून यायचा, खोकायचा, आणि सोमवारी पुन्हा जायचा, तेव्हा फार वाईट वाटायचं. त्यानं एकदाही मला चल म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते, आणि हे त्याला माहीत होतं.